आरशातली रिकामी खुर्ची

व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. का दिसत नाही, याची कारणं ज्याला द्यायची त्याने द्यावीत. मला एकच कारण माहीत आहे. कोणीतरी मान मोडेपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसतं आणि त्याला आरशातून पुसून काढतं. आमच्या ट्रेलरमध्ये ते कोणीतरी मी होते.

ट्रेलर दीड मिनिटाचा. सिनेमा नव्हताच. आमच्या सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला न काढलेल्या सिनेमाचा ट्रेलर करायचा असतो, म्हणजे लग्न ठरायच्या आधी पत्रिका छापण्यातला प्रकार. चौघांचा गट होता. दिग्दर्शन करणाऱ्याला आम्ही साहेब म्हणायचो, कारण तो प्यायला पाणीसुद्धा हुकूम सोडल्यासारखं मागायचा. व्हॅम्पायर झालेला लांबू, त्याला कुठल्याही दारातून आत येताना मान वाकवावी लागे. आवाजाचं काम कानसेनकडे. शेजारच्या वर्गातला पंखा कधी बिघडणार हे त्याला आधी ऐकू यायचं. आणि इफेक्ट्स करणारी मी. मलाही काहीतरी नाव ठेवलेलं असणार, पण माझा पारा कसा चढतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे ते माझ्या कानापर्यंत कधी आलं नाही.

बाकी तिघांना त्या ट्रेलरचे गुण हवे होते. माझं मात्र सगळंच त्याच्यावर टांगलेलं होतं. इफेक्ट्सच्या विषयात मी आदल्या वर्षी नापास झाले होते आणि एका विषयात दोनदा नापास झालं की नाव कमी करतात, असा नियम होता. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आदल्या वर्षी तो विषय शिकवणाऱ्या मॅडमनी निकालाच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती, "हात चांगला, तयारी शून्य." मी तो कागद घरी दाखवलासुद्धा नाही. बाबांना कुठूनतरी कळलंच. ते म्हणाले, "या वेळी तरी डोकं शांत ठेव." डोकं शांत ठेवायला सांगितलं की माझं डोकं आधी तापतं, पण बाबांना काय सांगणार?

ट्रेलरमधली मुख्य जागा नऊ सेकंदांची होती. व्हॅम्पायर केस कापायला सलूनमध्ये येतो. कारागीर त्याच्या अंगावर कापड टाकतो, कात्री चालवायला लागतो आणि सहज आरशात बघतो. आरशात खुर्ची रिकामी आहे. कारागीर स्वतः दिसतोय, त्याचा हात दिसतोय, कात्री हवेतल्या हवेत चालू आहे. बस, एवढंच. ही कल्पना माझी, आणि ती सुचली तेव्हा मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

सलून मामाचं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. दुकान लहान, पण आरसा भिंतभर. त्याच्यासमोर मोठी खुर्ची, वरखाली होणारी, काळ्या रेक्झिनची. कोपऱ्यात बेसिनजवळ दुसरी, बुटकी खुर्ची, गर्दी झाली की वापरायची. आरशाखालच्या फळीवर बाटल्या, पावडरीचे डबे, कंगवे, ब्रश. समोर गिऱ्हाइकांचं बाकडं आणि काचेचा दरवाजा, हे सगळं आरशात दिसायचं. मामाला विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. एकच अट घातली.

"माझ्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. तुमचा तो कारागीर मीच होणार."

"मामा, तुला अभिनय येतो?"

"तीस वर्षं लोकांचं टक्कल बघून 'केस छान आहेत तुमचे' म्हणतोय. आणखी काय करायचं असतं?"

झालं, मामा नट झाला. पुढचे पंधरा दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला मान खाली घालायला लावून त्याने आपण सिनेमात काम करतोय हे सांगितलं. मान खाली घातलेल्या माणसाला पळता येत नाही.

शूटिंग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवलं. मामा मिशीला धार लावून आला होता. अडचण एवढीच झाली की कॅमेरा सुरू झाला की तो हसायचा. आरशात खुर्ची रिकामी बघून त्याने घाबरायचं होतं, आणि तो आरशाकडे बघून फोटो काढून घेतल्यासारखा प्रसन्न हसायचा. आठ वेळा हसला. साहेबाने कपाळाला हात लावला. शेवटी मी पुढे झाले.

"मामा, असं समज, तू दुपारचं दुकान बंद करून पत्ते खेळत बसलायस, आणि आरशात बघतोस तर मागे मामी."

नवव्या वेळी मामाचा चेहरा असा पडला की लांबूसुद्धा खुर्चीत दचकला. मामी खरोखरच दारात उभी होती. "म्हणजे खेळता तर," एवढं बोलून ती आत गेली. तोच टेक आम्ही ठेवला.

त्याआधी जेवणाच्या सुट्टीतच मी मामाला पुढचं काम समजावलं होतं. मी शिकवायला लागले की माझा आवाज आपोआप वर जातो.

"नीट ऐक. सगळ्यात शेवटी मला हे दुकान रिकामं टिपायचंय. लांबू उठून गेला की लगेच, जसंच्या तसं. मी त्याला आरशातून पुसणार ना? मग त्याच्या जागी काय दाखवायचं? त्याच्या मागची खुर्ची, त्याच्या मागचं बाकडं. ते मला त्या रिकाम्या फ्रेममधून उचलायचं असतं. एखादी बाटली जरी इकडची तिकडे झाली तरी जुळत नाही. तेव्हा मी सांगेपर्यंत इथली काडीसुद्धा हलवायची नाही."

"जशी आज्ञा, भवानीबाई," मामा म्हणाला. तो मला लहानपणापासून भवानीबाईच म्हणतो.

दुपारी काम संपत आलं आणि साहेबाच्या डोक्यात नवा किडा वळवळला. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, ठीक आहे. पण त्याच्या अंगावर टाकलेलं कापड तर व्हॅम्पायर नाही. ते आरशात दिसायला पाहिजे. हवेत तरंगताना. मी म्हटलं, ते काय तुझा बाप तरंगवणार? तो म्हणाला, तर्क म्हणून काही असतं की नाही? मी म्हटलं, जो माणूस शवपेटीत झोपतो त्याच्या कपड्यांचा तर्क मला शिकवू नकोस. पाऊण तास आमची जुंपली. शेवटी कापड दिसणार नाही असं ठरलं, मी जिंकले, आणि जिंकूनही माझं डोकं तापलेलंच राहिलं.

तेवढ्यात कानसेनने हात वर केला. त्याला दुकानातल्या शांततेचा एक मिनिट आवाज टिपायचा होता. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि ती नंतर संवादांच्या खाली अंथरावी लागते, असं तो सांगायचा. आम्ही सगळे बाहेर फुटपाथवर गेलो. मी हाताची घडी घालून, साहेबाकडे पाठ करून उभी राहिले. मिनिट संपलं. साहेबाने कॅमेरा पेटीत भरला. मी माझी बॅग खांद्याला मारली आणि तरातरा निघून आले. मामाला "येते" एवढं तरी म्हटलं की नाही, आठवत नाही.

रिकामी फ्रेम मी घेतलीच नव्हती.

हे मला कळलं सात दिवसांनी, कामाला बसल्यावर. आधी वाटलं, दुसऱ्या कार्डात असेल. मग वाटलं, साहेबाकडे असेल. मग सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून चाळली. इफेक्ट्स करणाऱ्या माणसाने रिकामी फ्रेम विसरणं म्हणजे शिंप्याने माप न घेता कापड फाडणं. आणि विसरली कोण, तर जिने सगळ्यांना त्यावर व्याख्यान दिलं होतं ती. कानसेन शेजारी बसला होता. तो म्हणाला, "माझ्याकडे रिकाम्या दुकानाचा आवाज आहे, एक मिनिट." त्याला खरंच मदत करायची होती. माझ्या हातातल्या माउसला वायर होती म्हणून कानसेन वाचला.

मग मी लांबूला हाताने पुसायला घेतलं. सेकंदाला चोवीस, म्हणजे नऊ सेकंदांची दोनशे सोळा चित्रं. प्रत्येक चित्रात लांबूच्या जागी खुर्चीची पाठ अंदाजाने रंगवायची, बाकड्याची कड ओढायची, दारातून येणारं ऊन भरायचं. एकेक चित्र सुटं पाहिलं की बरं दिसायचं. एकामागून एक चालवलं की लांबू बसला होता तिथे काहीतरी थरथरायचं, ओलं फडकं हलवल्यासारखं. तीन दिवस रंगवलं. मंगळवारी मॅडमना दाखवलं.

मॅडमनी चष्मा वर केला. "व्हॅम्पायर गेला, पण आरशाला नायटा झालाय. रिकामी फ्रेम कुठंय?"

"घेतली नाही."

मॅडम रागावल्या असत्या तर मीही रागावले असते. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि एवढंच म्हटलं, "शुक्रवारी परीक्षा आहे." मला नापास झाल्यासारखंच वाटलं.

पुन्हा जाऊन टिपून यायचं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण केस कापायच्या दुकानात इतक्या दिवसांत काय काय हलत नाही? बाटल्या उचलल्या जातात, डबे सरकतात, टॉवेल धुवायला जातात, खुर्ची दिवसातून पन्नास वेळा फिरते. तसंच्या तसं पुन्हा मांडायला कोणाला आठवणार? आणि खरं सांगायचं तर मामाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या दिवसापासून मी त्याला फोन केला नव्हता. त्याचे दोन येऊन गेले होते. सिनेमा कधी दाखवतेस विचारत असेल, म्हणून मी उचलले नाहीत.

बुधवारी कानसेन मला ओढून घेऊन गेला. त्याचं आवाजाचं काम अडलं होतं. लांबूचे सुळे बाहेर येतात त्यासाठी त्याने ओल्या टॉवेलमध्ये गाजर मोडलं होतं आणि ते इतकं छान जमलं होतं की मी आठवडाभर गाजर खाल्लं नाही. चावा घेतल्याचा आवाज कोबीच्या गड्ड्यातून काढला होता. पण कात्री जमत नव्हती. त्याने घरातली कात्री चालवून पाहिली, शिंप्याची मागून आणली. "या कात्र्या नुसतं कापतात," तो म्हणाला. "तुझा मामा दोन कापांच्या मधे हवेतच तीनचार वेळा चालवतो. तो ताल मला पाहिजे. आणि व्हॅम्पायरचा श्वास अजून सापडत नाहीये. मी स्वतः टाकून पाहिला तर सर्दी झाल्यासारखा वाटतो."

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजत होते. दुकानाबाहेर चार माणसं उभी, आत बाकडं भरलेलं. एवढी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, सिनेमाच्या बातमीने मामाचा धंदा वाढला.

आत डोकावले. मामा कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर वाकून शाळेच्या हेडमास्तरांची दाढी करत होता. खुर्ची इतकी खाली की त्याला जवळजवळ काटकोनात उभं राहावं लागत होतं. आणि आरशासमोरची मोठी खुर्ची रिकामी होती. तिच्या दोन्ही हातांना सुतळी बांधली होती आणि सुतळीला पुठ्ठा लटकत होता. त्यावर मामाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "बसू नये. शूटिंग चालू आहे."

मला आधी कळेना. मग मी फळीकडे बघितलं. तीन दिवस, दोनशे सोळा वेळा मी ती फळी बघितली होती. निळी बाटली कडेला, तिला टेकून तिरका कंगवा. पावडरीच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं. ब्रश आडवा. खुर्चीच्या डाव्या हातावर टाकलेला टॉवेल, एक टोक खाली लोंबतंय, जसंच्या तसं. जमिनीवर साहेबाने कॅमेऱ्याच्या पायांसाठी चिकटपट्टीच्या तीन फुल्या मारल्या होत्या, त्याही होत्या. अकरा दिवस झाले होते.

"आलीस का?" आतल्या दारातून मामी आली. "ये. ये आणि विचार तुझ्या मामाला. अकरा दिवस मला तिथे झाडू लावू देत नाहीत. त्या फुल्यांच्या भोवतीनं फरशी पुसते मी, देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. मोठी खुर्ची बंद. सगळी माणसं त्या बुटक्या खुर्चीवर. पाठ धरलीय त्यांची. रोज शेकते. विचारलं तर म्हणतात, भवानीबाईंचा हुकूम आहे."

"ही का ती?" बाकड्यावरच्या एकाने विचारलं. "पोरी, त्या खुर्चीत नक्की कोण मेलंय, तेवढं सांग. आम्ही आपसात पैजा लावल्यात."

"मामा," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

मामा कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. "तू म्हणाली होतीस ना. मी सांगेपर्यंत काडी हलवायची नाही. मग तू गेलीस निघून. म्हटलं, राहिलं असेल काहीतरी, उद्या येईल. दोनदा फोन केला. उचलला नाहीस. म्हटलं, कामात असेल."

"पण अकरा दिवस, मामा."

"धूळ बसत होती," तो अपराधी आवाजात म्हणाला. "रोज सकाळी फुंकर मारली. हात नाही लावला हं. नुसती फुंकर."

मला रडू फुटलं. मी रडणारी मुलगी नाही. मला राग येतो, तो स्वस्तात येतो आणि मला तो सोयीचा पडतो. पण त्या वेळी रागावायला जगात कोणी शिल्लकच नव्हतं. मी माझं काम विसरले होते, मामाला विसरले होते, आणि त्याने माझं वाक्य सांभाळून ठेवलं होतं, पाठ मोडून, शब्दाला शब्द. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. भर दुकानात, आठ अनोळखी माणसांसमोर मी हुंदके देत होते. हेडमास्तरांनी अंगावरच्या कापडाखालून हात काढून आपला रुमाल पुढे केला.

कानसेनने मात्र एवढ्यात साहेबाला फोन लावला होता. "कॅमेरा घेऊन ये. आत्ता. का ते विचारू नकोस." साहेबाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी हुकूम सोडला असावा. वीस मिनिटांत तो धापा टाकत हजर झाला आणि खुर्चीकडे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

घड्याळात साडेतीन. नवव्या टेकच्या वेळी ऊन दारातून बाकड्याच्या दुसऱ्या पायापर्यंत आलं होतं. तसं यायला अजून दहा मिनिटं होती. मामाने टॉवेलला धक्का न लावता सुतळी सोडली, पुठ्ठा बाहेर नेला आणि आम्ही कॅमेरा फुल्यांवर उभा केला. आरशात दार आणि रस्ता दिसत असल्यामुळे सगळ्यांना बाहेर काढून भिंतीच्या आडोशाला उभं करावं लागलं. हेडमास्तर अर्धी दाढी केलेल्या, अर्ध्या फेसाच्या तोंडाने बाहेर गेले आणि तिथे त्यांच्यातला मास्तर जागा झाला. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना एका रांगेत उभं केलं आणि "गडबड नको" असं बजावलं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायला लागली. मामी त्यांना हाताने पुढे हाकलत होती. बोलली मात्र नाही, कारण मास्तरांनी तिलाही गप्प केलं होतं.

आत मी एकटी, कॅमेऱ्यामागे वाकून. ऊन बाकड्याच्या दुसऱ्या पायाला टेकलं. मी बटण दाबलं आणि मनात साठ मोजले, मग पुन्हा साठ. रिकाम्या दुकानात काहीच घडत नव्हतं. टॉवेलचं टोक लोंबत होतं. निळी बाटली चमकत होती. ज्या वस्तू मी तीन दिवस खोट्या रंगवत होते त्या सगळ्या खऱ्या, आपापल्या जागी, माझी वाट बघत बसल्या होत्या. मी श्वास धरून ठेवला होता. तो फ्रेममध्ये येत नाही हे मला माहीत आहे.

दार उघडून मी बाहेर आले. "मामा, झालं. आता हलव."

मामाने मोठ्या खुर्चीची पाठ थोपटली. "या मास्तर. राहिलेला गाल इकडे." हेडमास्तर बसले आणि अकरा दिवस रिकामी राहिलेली ती खुर्ची त्यांच्या वजनाने हळूहळू खाली जात लांब, थकलेला, घोगरा उसासा टाकती झाली. दुकानात कोणाचं लक्ष गेलं नाही. कानसेन जागच्या जागी ताठ झाला.

"सर," तो म्हणाला, "जरा उठून पुन्हा बसता का?"

हेडमास्तर सात वेळा उठले आणि सात वेळा बसले. आमच्या व्हॅम्पायरचा श्वास तो. नंतर मामाने राहिलेला गाल केला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापले आणि कानसेनने कात्रीचा तो हवेतला तालही टिपून घेतला. मामी आमच्यासाठी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "परत हुकूम सोडशील तेव्हा तारीख घालत जा."

गुरुवारी मी लांबूला पुसलं. मामाचा हात त्याच्या अंगावरून जात होता, तेवढी हाताची कड प्रत्येक चित्रात कापावी लागली. उन्हाचा रंग किंचित फिका होता, तो जुळवला. बाकी काही करावं लागलं नाही. लांबू गेला आणि त्याच्या मागे खुर्ची होती, बाकडं होतं, टॉवेल होता, सगळं केसभरही न हललेलं.

शुक्रवारी परीक्षेला मामा आणि मामी आले. मामाने पुन्हा मिशीला धार लावली होती. अंधाऱ्या सभागृहात ट्रेलर लागला. कात्री चालू झाली, श्वास आला, मामाने आरशात बघितलं, आणि मागच्या रांगेतून कोणाचा तरी "आई गं" असा आवाज आला. नऊ सेकंद आरशात कोणी नव्हतं. सगळे तो दिसतोय का ते बघत होते. मामा मामीच्या कानात कुजबुजला ते मला ऐकू आलं. "बघ, कंगवा कसा बरोब्बर तिरका आहे."

दिवे लागले. मॅडमनी मला उभं केलं. "मंगळवारी नायटा होता. आज आरसा स्वच्छ आहे. तीन दिवसांत असं काय केलंस?"

साहेबाने खालून माझ्या पायावर पाय दिला. नवीन पद्धत शोधली, रंगवलं, असं काहीही म्हणता आलं असतं. कोणी तपासणार नव्हतं. गेल्या वर्षी मी तयारीवरूनच नापास झाले होते आणि आता खरं सांगणं म्हणजे तोच शेरा पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिणं होतं. पण मामा तिथे चौथ्या रांगेत बसला होता, सरळ बसता येत नाही म्हणून पाठीला उशी लावून.

"मी काही केलं नाही," मी म्हटलं. "रिकामी फ्रेम घ्यायची मी विसरले होते. माझ्या मामाने अकरा दिवस दुकान हलवलं नाही, म्हणून ती मला बुधवारी मिळाली." आणि मग मी सगळं सांगितलं. सुतळी, पुठ्ठा, फुंकर, न उचललेले फोन.

मॅडम बराच वेळ कागदावर लिहीत होत्या. "तयारीचे गुण तुला देता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "ते तुझे नाहीत. बाकीच्यात चांगली आहेस. काठावर पास." मग चौथ्या रांगेकडे वळून त्यांनी मान लववली. मामाने गडबडून दोन्ही हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात मामी बाबांना फोनवर "पास झाली, पास" असं ओरडून सांगत होती. मी मामाला भिंतीकडेच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या समोर उभी राहिले. थँक्यू म्हणायचं होतं, पण आधी दुसरंच तोंडातून निघालं. बुधवारपासून ते माझ्या डोक्यात घोळत होतं.

"मामा, कानसेनने ओढून आणलं म्हणून मी आले. नाहीतर आले नसते. मग किती दिवस ठेवणार होतास तसंच?"

मामाने खरोखर विचार केला. हा प्रश्न त्याला याआधी पडलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तसं काही ठरवलं नव्हतं," तो म्हणाला.